इलेक्ट्रिक चॉपर: बोट कापतं ते मशीन बंद असताना

नमस्कार! आज आपल्यासमोर आहे घरातला छोटा इलेक्ट्रिक चॉपर. खाली भांडं, वर मोटर, आणि दाबायला एकच बटण.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करूया. चॉपर चालू असताना आत बोट जाणं जवळजवळ अशक्य असतं, कारण बहुतेक मशीनमध्ये झाकण खाचेत नीट बसल्याशिवाय मोटर फिरतच नाही. बोट कापतं ते ब्लेड बसवताना, भांडं रिकामं करताना आणि सिंकमध्ये धुताना. तेव्हा मशीन बंद असतं आणि आपण निर्धास्त असतो. त्यामुळे आज बटणाबद्दल थोडंच बोलायचंय. खरं काम त्याच्या आधी आणि नंतर आहे.

[टेबलावर सुटे भाग, कॅमेरा वरून]

हे भांडं. तळाशी मधोमध ही खुंटी. तिच्यावर बसतं ब्लेड, म्हणजे प्लॅस्टिकचा उभा दांडा आणि त्याला दोन वाकडी पाती. काही मशीनमध्ये वर-खाली मिळून चार पाती असतात. मग झाकण, त्याची रबरी रिंग, आणि मोटर.

ब्लेड उचलायचं ते दांड्याच्या वरच्या टोकाला चिमटीत धरून. दुसरीकडे कुठेही हात लावायचा नाही. नव्या ब्लेडवर प्लॅस्टिकची टोपणं असतात, ती फेकू नका. पुढे ठेवणीच्या वेळी त्यांचाच उपयोग आहे.

जोडणीचा क्रम असा: भांडं, ब्लेड, चिरायचं साहित्य, झाकण, मोटर आणि अगदी शेवटी प्लग. सुटं करताना बरोबर उलट, म्हणजे प्लग सगळ्यात आधी बाहेर. भिंतीवरचा स्विच नुसता बंद करून भागत नाही, कारण दुसरं कुणीतरी येऊन तो चालू करू शकतं. तुमचा चॉपर चार्जिंगचा असेल तर काढायला प्लगच नसतो. तिथे मोटर भांड्यावरून उचलून बाजूला ठेवायची आणि मगच ब्लेडला हात लावायचा.

ब्लेड आधी आणि साहित्य नंतर का? भरलेल्या भांड्यात ब्लेड खुपसलं तर ते खुंटीवर तळापर्यंत बसत नाही. अधांतरी राहतं, झाकणाला घासतं. आणि ते खाली दाबायला आपली बोटं नेमकी पात्यांजवळ जातात. ब्लेड बसवल्यावर दांडा चिमटीत धरून हळूच फिरवून बघा. तो मोकळा फिरला पाहिजे आणि पाती भांड्याला घासता कामा नयेत.

आता भरणं. कांदा असो वा गाजर, तुकडे दोन ते तीन सेंटीमीटरचे करा. भांडं अर्ध्यापर्यंत भरा, फार तर दोन तृतीयांश. कमाल पातळीची रेघ असेल तर ती ओलांडायची नाही, आणि पातळ पदार्थ असेल तर रेघेच्या बराच खाली थांबायचं. ठासून भरलं की तळाचा लगदा होतो आणि वरचे तुकडे तसेच राहतात. मग माणूस बटण दाबूनच ठेवतो, आणि मोटर तापते.

[क्लोज-अप: बटण]

बटण एक सेकंद दाबा, सोडा, एक-दोन सेकंद थांबा, पुन्हा दाबा. मधली उसंत वाया जात नाही. भिंतीकडे उडालेले तुकडे तेवढ्या वेळात पात्यांवर परत पडतात, म्हणून चिरणं एकसारखं होतं. कांद्याला साधारण चार-पाच वेळा दाबणं पुरतं, गाजराला आठ-दहा वेळा. सलग फिरवलात तर कांदा पाणी सोडतो आणि कडवट होतो.

मोटरवरचं लेबल एकदा वाचाच. काही मशीनवर केबी (KB) ही अक्षरं आणि पुढे सेकंद किंवा मिनिटं लिहिलेली असतात. मोटर सलग जास्तीत जास्त तेवढाच वेळ चालवायची, मग थंड होऊ द्यायची. मध्येच ती आपोआप बंद पडली तर बहुधा जास्त तापण्यापासून वाचवणाऱ्या आतल्या सोयीने तिला थांबवलेलं असतं. प्लग काढा, निदान अर्धा तास थांबा आणि पुढच्या वेळी कमी भरा.

मोटर गुंऽऽ करतेय पण ब्लेड फिरत नाही, अशा वेळी बटण तत्क्षणी सोडा. जोर लावून दाबलं की सुटेल, असं वाटतं. होतं उलटंच. अडकलेली मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते. तिला गार ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर असतो, म्हणजे तोही थांबलेला. काही सेकंदांत आतली वायंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, जळू शकते. प्लग काढा, मोटर उचला, अडकलेला तुकडा सिलिकॉनच्या स्पॅच्युलाने सोडवा. बोट नको. स्टीलचा चमचाही नको, धारेला खाचा पडतात. भिंतीला चिकटलेलं खाली ढकलायचं असेल तेव्हाही हीच पद्धत.

हे अडकणं कशाने होतं? लांब देठांनी, मांसातल्या शिरांनी आणि पांढऱ्या पापुद्र्यांनी, कारण ते दांड्याला गुंडाळले जातात. पालेभाजीचे देठ आधी तोडा, पानं कोरडी करा. ओली पानं भिंतीला चिकटून बसतात. मांस हाडाशिवायचं, शिरा काढलेलं, छोट्या तुकड्यांत. बर्फ, गोठलेलं अन्न, हाडं, फळांच्या आठळ्या, कॉफीच्या बिया आणि कडक अख्खे मसाले, हे सगळं बाहेर ठेवा. काही मशीनला बर्फ चालतो, पण तसं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असेल तरच.

उकळतं किंवा वाफाळतं काहीही बंद भांड्यात फिरवायचं नाही. वाफ झाकणाला आतून ढकलते आणि गरम रस्सा फटीतून हातावर उडतो. कोमट होईपर्यंत थांबा.

आणि झाकणाच्या लॉकच्या खाचेत सुरीचं टोक किंवा चमच्याची दांडी घालून मोटर उघडी चालवून बघायची, हा उद्योग काही घरांत चालतो. हे अजिबात करू नका. लॉक बिघडलं असेल तर मशीन दुरुस्तीला द्या.

[क्लोज-अप: भांड्यातून ब्लेड काढताना]

आता सगळ्यात धोक्याची वेळ, भांडं रिकामं करणं. बटण सोडल्यावरही ब्लेड क्षणभर फिरत राहतं, ते पूर्ण थांबू द्या. प्लग, मोटर, झाकण, आणि मग आधी ब्लेड सरळ वर काढा. ब्लेड आत ठेवून भांडं ओतलंत तर ते खुंटीवरून घसरून साहित्यासोबत बाहेर येतं, आणि नकळत आपण ते झेलायला हात पुढे करतो. हात ओले किंवा तेलकट असतील तर आधी पुसून घ्या. ब्लेड घट्ट बसलं असेल तर दांडा किंचित डावी-उजवीकडे फिरवत वर घ्या. भांडं उपडं करून आपटायचं नाही. पात्यांना चिकटलेलं स्पॅच्युलाने निपटून काढायचं, दांड्याकडून टोकाकडे.

धुताना ब्लेड फेसाळ पाण्याच्या सिंकमध्ये कधीच टाकू नका. फेसाखालचं पातं दिसत नाही. ते लगेच, वेगळं, वाहत्या पाण्याखाली, लांब दांड्याच्या ब्रशने धुवा. पुसताना कापड जाड घडी करून बोथट कडेकडून धारेच्या दिशेने न्या. धारेच्या लांबीवरून बोट ओढू नका. मोटर पाण्यात बुडवायची नाही, नळाखालीही धरायची नाही. ओलसर फडक्याने पुसली की झालं. झाकणाची रबरी रिंग मात्र सुटी होत असेल तर प्रत्येक वेळी काढून धुवा आणि पूर्ण वाळवा, कारण तिच्याखाली रस साचून बुरशी धरते. कच्चं मांस चिरलं असेल तर सगळे सुटे भाग साबणाने, आणि तेही लगेच.

तरीही कापलंच, तर स्वच्छ कापडाने जखम सलग दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. मध्येमध्ये उघडून बघू नका. रक्त थांबत नसेल, जखम उघडी राहत असेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर थेट डॉक्टरकडे.

ब्लेड सुटं ड्रॉवरमध्ये टाकू नका. टोपणं घालून, कोरड्या भांड्यात, वरून झाकण लावून ठेवा. मोटर मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी.

महिन्यातून एकदा ब्लेड उजेडात धरून बघत जा. पाती दांड्याला रिव्हेटने, म्हणजे ठोकून पक्क्या केलेल्या धातूच्या खिळ्यांनी, जोडलेली असतील तर रिव्हेटच्या आजूबाजूला बारीक चीर शोधा. हा फुकाचा संशय नाही. २०१६च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत क्विझिनार्ट फूड प्रोसेसरची सुमारे ८० लाख रिव्हेटवाली ब्लेडं परत मागवावी लागली, कारण पात्यांना चिरा पडून धातूचे तुकडे अन्नात मिसळत होते. चीर दिसली, पातं डगडगलं किंवा भांड्याच्या खुंटीला तडा गेला, तर तो भाग बदला. पात्याचा तुकडा उडालेला दिसला तर त्या वेळी चिरलेलं सगळं टाकून द्या, चाळून-निवडून वापरू नका. टाकायचं ब्लेड जाड पुठ्ठ्यात गुंडाळा, चिकटपट्टी लावा आणि वर ठळक अक्षरांत ‘धारदार’ असं लिहा. कचरा उचलणाऱ्यालाही बोटं असतात.