साखळी प्रार्थना : एका तासाचा पहारा

बंधू-भगिनींनो, सलाम. रात्रभराची प्रार्थना म्हटलं की आता हॉल भरलेला, माइक, कीबोर्ड आणि पहाटे तीनला निम्मी माणसं सतरंजीवर झोपलेली, हेच डोळ्यांसमोर येतं. मी त्याला नावं ठेवत नाही, मीपण त्यात बसलेय, पण साखळी प्रार्थना, म्हणजे तास वाटून घेऊन एकामागून एकाने आळीपाळीने केलेली प्रार्थना, वेगळी असते आणि ती आपण विसरत चाललोय याचं मला खरंच वाईट वाटतं.

अशा साखळीची एक जुनी गोष्ट सांगते. जर्मनीत सॅक्सनीमध्ये हर्नहूट म्हणून गाव आहे. 1722 मध्ये शेजारच्या मोराव्हिया प्रांतातून, विश्वासापायी होणाऱ्या छळामुळे पळून आलेली ख्रिस्ती कुटुंबं तिथे काउंट झिंझेनडॉर्फ या सरदाराच्या जमिनीवर राहायला लागली. छळ सोसून आलेली माणसं म्हणजे एकदिलाची असतील असं आपल्याला वाटतं, पण कसलं काय, पाच वर्षांत इतकी भांडणं झाली की वस्ती फुटायची वेळ आली. मग 13 ऑगस्ट 1727 ला शेजारच्या बर्थेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला सगळे एकत्र आले आणि तिथे मनं जुळली. त्यानंतर दोनच आठवड्यांत, 27 ऑगस्टला, 24 पुरुष आणि 24 बायकांनी दिवसाचे 24 तास आपसात वाटून घेतले, प्रत्येकाला एक तास. वेदीवरचा अग्नी विझू द्यायचा नाही असं बायबलमधल्या लेवीय पुस्तकात आहे ना, ते त्यांच्या मनात होतं. सगळ्यांनी एका जागी बसायचं असंही नव्हतं, ज्याने त्याने आपला तास सांभाळायचा, आणि आठवड्यातून एकदा भेटून कोणासाठी काय मागायचं ते एकमेकांना सांगायचं. ही साखळी शंभर वर्षांच्या वर चालली असं सांगतात. आणि 1732 मध्ये याच वस्तीतले दोघं, डोबर कुंभार आणि निचमन सुतार, कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर गुलामांना सुवार्ता सांगायला निघाले.

मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की कालपर्यंत एकमेकांशी न बोलणाऱ्या माणसांना आता एकमेकांवर भरवसा ठेवून झोपावं लागत होतं, कारण माझा तास संपल्यावर पुढचा उठेल हे धरूनच मी अंथरुणावर पडणार.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यात केडगावला, निराधार बायका-मुलींसाठीच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये, 1905 च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी प्रार्थनेसाठी हाक दिली तेव्हा सुरुवातीला सत्तरएक जणी आल्या, आणि जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमायला लागल्या. यातल्या कितीतरी विधवा आणि दुष्काळातून आणलेल्या मुली, ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्या दुसऱ्यांसाठी मागत होत्या.

माझं सांगते. लग्नाच्या आधी एकदा मला दोन ते तीनचा तास आला होता. थंडीचे दिवस, चर्चमध्ये मी एकटी, आजाऱ्यांची नावं लिहिलेला कागद वीस मिनिटांत वाचून संपला आणि पुढे काय मागायचं तेच सुचेना. मग तोच कागद परत वरून घेतला, पण या वेळी प्रत्येक नावापाशी थांबले, त्याचं घर, त्याची मुलं डोळ्यांसमोर आणली आणि तेव्हा कुठे रडू आलं, प्रार्थना आली. तीनला आमच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या मावशी टॉर्च घेऊन आल्या, गुडघे धरत बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "जा गं पोरी, झोप आता, मी आहे." प्रभू गेथशेमाने बागेत शिष्यांकडे तेवढंच तर मागत होता, तासभर जागे राहा.

येत्या शुक्रवारी संध्याकाळी सहा ते शनिवारी सकाळी सहा आपली साखळी आहे. तास निवडून नाव लिहायचा कागद मागे फिरवतेय, संध्याकाळचे तास लगेच भरतील ते मला माहितीये, तरुण संघाच्या मुलांनो, तुम्ही आधी एक ते चारकडे बघा.