ओठ न मिटता रामायण

[कऱ्हेचा काठ, पहाट]
ही बारामती. समोर दिसतोय तो इथले सावकार बाबूजी नाइक यांचा वाडा. कवी मोरोपंत पराडकर १७२९ साली पन्हाळ्याला जन्मले. पण नाइकांच्या पदरी पुराण सांगायला आले आणि १७९४ साली डोळे मिटेपर्यंत इथलेच होऊन राहिले.

[कीर्तनकार ताईंचे ओठ, अगदी जवळून]
आता या ताईंच्या ओठांकडे नीट बघा. 'सीता' म्हणाल्या, ओठ उघडेच राहिले. 'दशरथ', तरीही उघडेच. आता 'राम'. मिटले! 'लक्ष्मण', 'भरत', 'मारुती', प्रत्येक वेळी मिटले.

पंतांनी एक निरोष्ठ रामायण रचलं. ओठाला ओठ लागेल असं अक्षरच त्यात घ्यायचं नाही. म्हणजे ज्याची कथा सांगायची, त्याचंच 'राम' हे नाव वर्ज्य! बारामती, पन्हाळा, मोरोपंत, यांतलंही काही ओठ न मिटता म्हणून बघा. परंपरेनं पंतांच्या नावावर १०८ रामायणं आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी रामायणांना असा एकेक नियम आहे. याला नुसती कसरत म्हणू नये. नेहमीचा शब्द चालत नाही म्हटल्यावर कवीला आडबाजूचा शब्द धुंडाळावा लागतो, आणि तो सापडला की मराठीच्या घरात बंद पडलेली एखादी खोली उघडते.

[ताई बोटांवर मात्रा मोजतात]
आर्या हे पंतांचं लाडकं वृत्त, मात्रा मोजून रचायचं: लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. कोणत्या कवीचं काय नावाजलेलं, ते सांगणाऱ्या या ओळी मोजा. 'सुश्लोक वामनाचा', बारा मात्रा. 'अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची', अठरा. 'ओवी ज्ञानेशाची', पुन्हा बारा. 'किंवा आर्या मयूरपंताची', पुन्हा अठरा. मयूरपंत म्हणजे आपले मोरोपंतच. आर्येची थोरवी सांगायची तीही आर्येतच. हे डोळ्यांनी वाचून भागत नाही, मोठ्यानं म्हणावं लागतं.

[बंद पोथी]
यमकासाठी पंत शब्द ओढूनताणून आणतात, हा आक्षेप जुना आहे आणि खोटा नाही. अनेक आर्या टिपेशिवाय उलगडत नाहीत. वारीच्या वाटेवर तुकोबांचा अभंग ऐकू येतो, पंतांची आर्या नाही.

[शाळेचं पटांगण, प्रार्थना]
केका म्हणजे मोराची हाक. मयूर पंतांनी देवाला घातलेल्या अशा हाकांची 'केकावली' झाली. तिच्यातल्या या ओळी मुलांना पाठ आहेत.

'सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानीं पडो...'

'पडो'तल्या 'प'वर बघा. सगळ्या रांगेचे ओठ एकदम मिटतात.

[मुलांचा आवाज चालू राहतो]