बुडवणाऱ्याचं सौजन्य: कप्तान मेर्टेन आणि मुंबईहून निघालेलं एक जहाज

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: 'यू-६८चा कप्तान कार्ल-फ्रीडरिश मेर्टेन आणि सागरी युद्धाचा कायदा'. कायदा मी शेवटी घेणार आहे. माझा खरा मुद्दा तिथेच आहे. पण आधी माणूस बघू.

मेर्टेनचा जन्म १९०५चा, पोझेन शहरातला. ते शहर आज पोलंडमध्ये आहे. १९२६ साली तो नौदलात गेला आणि बरीच वर्षं पृष्ठभागावरच्या नौकांवर काढली. फेब्रुवारी १९४१मध्ये यू-६८ ही जर्मन पाणबुडी त्याच्या ताब्यात आली तेव्हा तो पस्तिशीचा होता. जर्मन पाणबुड्यांचे बरेच कप्तान पंचविशी-तिशीतले असत. त्यांच्यात हा पोक्त माणूस. पुढच्या दोन वर्षांत त्याने २७ जहाजं बुडवली, एकूण साधारण १ लाख ७० हजार टन. नाइट्स क्रॉस हा मोठा जर्मन लष्करी सन्मान मिळाला, त्यावर ओक लीव्ह्ज ही वरची श्रेणीही मिळाली. मेर्टेनबद्दल कुठेही वाचायला गेलात तर हे आकडे पहिल्या परिच्छेदात भेटतील. टनांत मोजलेली माणसाची कारकीर्द मला कधी पटली नाही, म्हणून आकडे सांगून बाजूला ठेवतो.

त्याची नौका लांब पल्ल्याची, नऊ-सी जातीची. उत्तर अटलांटिकमधल्या ताफ्यांपेक्षा दक्षिणेकडचा ओसाड समुद्र हे तिचं मुख्य क्षेत्र. सप्टेंबर १९४१मध्ये केप व्हर्दे बेटांतल्या ताराफाल उपसागरात ती दुसऱ्या जर्मन पाणबुड्यांना भेटायला गेली, तर तिथे 'क्लाइड' ही ब्रिटिश पाणबुडी दबा धरून बसलेली. क्लाइडने पाणतीर (टॉर्पेडो) सोडले, ते चुकले, आणि अंधारात यू-६७ क्लाइडवर जाऊन आदळली. इतक्या निर्जन जागी शत्रू नेमका कसा पोचला, हा प्रश्न जर्मन पाणबुडीदलाचा प्रमुख ड्योनिट्झ यालाही पडला. एनिग्मा या जर्मन सांकेतिक यंत्राचे संदेश ब्रिटिशांनी फोडले होते, म्हणून पोचला. ड्योनिट्झला संशय आला आणि तो त्याने सोडून दिला! या एका रात्रीवर वेगळं व्याख्यान होईल. असो. पुढच्याच महिन्यात मेर्टेन सेंट हेलेना बेटापाशी गेला आणि जेम्सटाउनच्या नांगरवाड्यात उभं असलेलं 'डार्कडेल' हे तेलवाहू जहाज त्याने बुडवलं. सेंट हेलेना हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आता डिसेंबर १९४१. मेर्टेनची ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती फार कमी सांगितली जाते. 'अटलांटिस' ही व्यापारी जहाजाच्या सोंगात फिरणारी जर्मन लुटारू नौका ब्रिटिशांनी नोव्हेंबरमध्ये बुडवली. तिची माणसं 'पायथन' या रसदनौकेने उचलली. १ डिसेंबरला यू-६८ आणि दुसरी एक पाणबुडी पायथनकडून रसद घेत असतानाच क्षितिजावर 'डॉर्सेटशायर' ही ब्रिटिश क्रूझर, म्हणजे वेगवान युद्धनौका, दिसली. मेर्टेनने घाईघाईने बुडी मारली. पायथनच्या लोकांनी जहाज स्वतःच बुडवलं. क्रूझर निघून गेली आणि पाण्यावर चारशेहून अधिक जर्मन माणसं होड्यांत उरली. त्यांच्या बाजूचं सर्वांत जवळचं बंदर म्हणजे फ्रान्सचा किनारा, हजारो मैलांवर.

या दोन पाणबुड्यांनी काय केलं? प्रत्येकीने शंभरेक माणसं पोटात घेतली, उरलेल्यांच्या होड्या दोरांनी मागे बांधल्या आणि ओढत निघाल्या. पाणबुडीत तिच्या स्वतःच्या पन्नासेक माणसांनाच धड झोपायला जागा नसते. तिथे ही गर्दी, विषुववृत्ताचा उकाडा, आणि शत्रूचं विमान दिसलं तर बुडी मारायची की मागच्या होड्या सांभाळायच्या हा पेच अष्टौप्रहर. पुढे आणखी जर्मन पाणबुड्या आल्या, मग चार इटालियन आल्या, माणसं वाटून घेतली. वर्ष संपता संपता सगळे फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले. म्हणजे दक्षिण अटलांटिकमध्ये उघड्या होडीत बसलेल्या माणसाचं काय होतं, हे मेर्टेनला पक्कं माहीत होतं. त्याने ते रोज दोराच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं होतं.

आता दहा महिने पुढे आणि आपल्या मुंबईत या. १ ऑक्टोबर १९४२ रोजी 'सिटी ऑफ कैरो' हे एलरमन कंपनीचं १९१५ साली बांधलेलं वाफेचं जहाज मुंबईहून निघालं. डर्बन, केपटाउन, मग ब्राझील आणि पुढे इंग्लंड असा बेत. युरोपीय प्रवासी, त्यांत बायका-मुलं बरीच. खलाशी बहुतेक हिंदी. आणि तळाशी चांदीच्या नाण्यांच्या दोन हजार पेट्या, आपल्याच रुपयांच्या! जवळजवळ शंभर टन. सभागृहात कुजबुज सुरू झाली. रुपये म्हटले की सगळे सावरून बसतात, मला माहीत आहे. पण थांबा.

६ नोव्हेंबरला संध्याकाळी, सेंट हेलेनाच्या दक्षिणेला पाचशेक मैलांवर, मेर्टेनचा पहिला पाणतीर लागला. लोक होड्यांत उतरू लागले, आणि काही मिनिटांनी दुसरा. जहाज गेलं. मग पाणबुडी वर आली, जहाजाचं नाव, माल विचारून घेतला, सर्वांत जवळची जमीन कुठे हे सांगितलं, आणि कप्तान इंग्रजीत म्हणाला: शुभरात्री, तुम्हाला बुडवल्याबद्दल क्षमस्व.

या वाक्याने मेर्टेन अजरामर झाला. जिथे तिथे हेच वाक्य. सभ्य शत्रू, दर्यावर्दी रिवाज, जुन्या काळचा दिलदारपणा. माझी तक्रार इथे आहे, आणि ती मी पुरी करणार.

जहाज बुडताना गेली फक्त सहा माणसं. पण ३११ पैकी एकूण १०४ मेली. बाकीची कुठे मेली? होड्यांत. सहा होड्या सेंट हेलेनाच्या दिशेने निघाल्या. अथांग समुद्रातला तो एक ठिपका, तो चुकला तर पुढे काही नाही. बुडालेल्या जहाजाचा कप्तान रॉजरसन याच्याकडे शीड, होकायंत्र आणि मोजून वाटायचं पाणी होतं. तीन होड्या तेराव्या दिवशी 'क्लॅन आल्पाइन' या जहाजाला दिसल्या, एक दुसऱ्या एका जहाजाने उचलली. एक होडी ३६ दिवसांनी 'ऱ्हाकोटिस' या जर्मन जहाजाला सापडली. आत तीन माणसं जिवंत, त्यांतली एक तरुणी जहाजावर वारली. उरलेले दोघे ऱ्हाकोटिसवर होते आणि १ जानेवारीला ब्रिटिशांनी तेही जहाज बुडवलं. दोघे पुन्हा होडीत! सहावी होडी वाहत वाहत ब्राझीलजवळ पोचली, ५१ दिवसांनी. आत दोघं उरली होती, जहाजाचा तिसरा अधिकारी आणि एक प्रवासी बाई. हा अधिकारी घरी परतायला 'सिटी ऑफ प्रिटोरिया'वर चढला आणि मार्च १९४३मध्ये यू-१७२ने ते जहाज सगळ्या माणसांसकट बुडवलं. ही यू-१७२ मेर्टेनच्याच मोहिमेतली, केपटाउनवर चालून गेलेल्या 'आइसबेअर' गटातली.

आता मृतांची विभागणी ऐका. २२ प्रवासी, ३ तोफची, ७९ खलाशी व कर्मचारी. एकोणऐंशी! आणि आत्ता मी सांगितलेल्या हकिकतींतली माणसं बघा: कप्तान, तिसरा अधिकारी, गोऱ्या बायका. त्यांची नावं, छायाचित्रं, आठवणी, सगळं उपलब्ध आहे. हिंदी खलाशी या सगळ्या वर्णनांत 'लास्कर' या एका शब्दात, घोळक्याने येतात. चांदीचं मात्र नीट झालं. ५,१५० मीटर खोलीवरून तिचा मोठा भाग वर काढला, २०१५ साली ते जाहीर झालं, जगभर बातम्या आल्या. पाच किलोमीटर खोल जाऊन नाणी आणता येतात, तर अभिलेखागारातल्या खलाशांच्या याद्या उघडून नावं लिहिता येत नाहीत? मला याचा राग येतो, मंडळी, आणि तो यायलाच हवा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. कायदा राहिलाय. भराभर सांगतो.

१९३६च्या लंडन करारनाम्यात नियम स्पष्ट आहे: व्यापारी जहाज बुडवण्याआधी त्यावरची माणसं सुरक्षित जागी पोचवा. आणि जमीन जवळ नसेल, समुद्र आणि हवा अनुकूल नसेल, तर जहाजाची होडी ही सुरक्षित जागा मानायची नाही. जर्मनीने हा नियम त्याच वर्षी मान्य केला. जमीन पाचशे मैलांवर असताना होडीतल्या माणसाला दिशा सांगणं हे या नियमाचं पालन होत नाही, मग शब्द कितीही गोड असोत.

उलट बाजूही सांगायला हवी. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर तोफा होत्या, ती पाणबुडी दिसताच बिनतारी संदेश देत. १२ सप्टेंबर १९४२ला यू-१५६चा कप्तान हार्टेनस्टाइन याने 'लॅकोनिया' हे ब्रिटिश जहाज बुडवलं, त्यावर अठराशेच्या आसपास इटालियन युद्धकैदी निघाले. त्याने बचाव सुरू केला, उघड इंग्रजीत मदत मागितली, रेड क्रॉसचा झेंडा पसरला, तरी अमेरिकन विमानाने बाँब टाकले. १७ तारखेला ड्योनिट्झने हुकूम काढला: कुणाला वाचवायचं नाही, अन्नपाणीही द्यायचं नाही. हार्टेनस्टाइन मूळचा मेर्टेनच्याच गटातला. तेव्हा ६ नोव्हेंबरच्या रात्री मेर्टेनच्या डोक्यावर तो हुकूम होता, हे खरं. त्याने होड्यांवर गोळ्या झाडल्या नाहीत, हेही खरं. यू-८५२चा कप्तान हाइन्झ एक (Eck) याने १९४४मध्ये 'पेलेउस' या बुडवलेल्या जहाजावरून वाचलेल्यांवर झाडल्या आणि त्याला मृत्युदंड झाला.

पण युद्धानंतर न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर, त्यांत ड्योनिट्झवरही, जो खटला चालला त्याच्या निकालपत्रात एक वाक्य आहे, त्यासाठीच हा विषय घेतला. बचावपक्ष म्हणाला, पाणबुडीची सुरक्षितता आधी, म्हणून वाचवणं अशक्य. न्यायाधीशांनी म्हटलं: कप्तानाला वाचवता येत नसेल, तर या नियमाप्रमाणे त्याला व्यापारी जहाज बुडवताही येत नाही, ते पेरिस्कोपसमोरून सुखरूप जाऊ द्यावं. सशस्त्र ब्रिटिश जहाजांवरच्या हल्ल्यांबद्दल त्यांनी ड्योनिट्झला दोषी धरलं नाही. अमेरिकन ॲडमिरल निमित्झनेही लेखी सांगितलं होतं की पॅसिफिकमध्ये आम्ही पहिल्या दिवसापासून हेच, म्हणजे अनिर्बंध पाणबुडीयुद्ध, केलं. ड्योनिट्झला दहा वर्षांची शिक्षा झाली, पण ती पाणबुडीयुद्धाचे नियम मोडल्याबद्दल नाही. नियम उभा राहिला आणि या निकालात तो मोडल्याबद्दल शिक्षा कुणालाच नाही. माझं म्हणणं असं की मेर्टेनला तपासायचं तर या वाक्यावर तपासा, 'शुभरात्री'वर नको. आपली माणसं होती तेव्हा त्याने होड्या ओढत नेल्या. परकी होती तेव्हा दिशा सांगितली.

मेर्टेनचं पुढे काय झालं? जानेवारी १९४३मध्ये त्याने नौका दुसऱ्याकडे सोपवली. एप्रिल १९४४मध्ये मदैराजवळ ती बुडाली, एकच माणूस वाचला. मेर्टेन किनाऱ्यावर प्रशिक्षणाच्या कामात होता. युद्धानंतर 'फ्रिमेअर' या तेलवाहू जहाजाबद्दल फ्रेंचांनी त्याच्यावर खटला चालवला, तो निर्दोष सुटला आणि १९९३ साली वारला.

शेवटची विनंती. मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या खलाशांचं स्मारक आहे, त्याच्या नामावलीत व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ सहा हजार जण आहेत. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा-पणजोबा त्या काळात बोटीवर होते, घरी त्यांची नोंदपुस्तिका, पत्रं, कंपनीची तार असेल, तर कृपा करून ती रद्दीत जाऊ देऊ नका. कार्यक्रमानंतर मी इथेच टेबलापाशी आहे, येऊन भेटा.