भुयारी गाडीतले दोन सिनेटर

नमस्कार, श्रोतेहो. अमेरिकेच्या राजकारणातली भीती, आणि त्या भीतीतून पुन्हा पुन्हा पडणारी फूट, हा आजचा विषय. विषय मोठा आहे, म्हणून इतिहास भरभर सांगते. मला एक गोष्ट सांगायची आहे, तिला वेळ राखून ठेवते.

1798 साली देश अजून नवा होता. फ्रान्सशी युद्ध होईल या धास्तीनं सरकारवर टीका करणाऱ्याला तुरुंगात टाकायचा कायदा झाला. 1919-20 मध्ये रशियन क्रांतीची धास्ती होती, तर परदेशातून आलेल्या हजारो लोकांची धरपकड झाली. 1933 साली फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले आणि पहिल्याच भाषणात म्हणाले, आपण भ्यायचं ते फक्त भीतीला. त्याच रूझवेल्टनी 1942 मध्ये एका हुकुमावर सही केली, आणि सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या माणसांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले बहुतेक जन्मानं अमेरिकनच होते.

भीती बाहेरच्या शत्रूची, आणि फूट घरातल्या माणसांत. दर वेळी हेच. चमचाभर विरजण रात्री दुधात पडतं आणि सकाळी सगळं पातेलं बदललेलं असतं, तशी ही भीती पसरते. कुणी कधी घातलं, ते घरात कुणालाच ठाऊक नसतं.

आता ती गोष्ट. 9 फेब्रुवारी 1950. विस्कॉन्सिन राज्याचे सिनेटर जोसेफ मॅकार्थी एका सभेत म्हणाले की परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट शिरलेत आणि त्यांची यादी माझ्या हातात आहे. आकडा कधी 205, कधी 57. पुरावा नाही. पण भीती अशी बसली की मोठमोठे पुढारी गप्प झाले. आज याचं नाव निघालं, उद्या आपलं निघेल.

सिनेट म्हणजे अमेरिकी संसदेचं वरिष्ठ सभागृह. तिथे तेव्हा एकच बाई होत्या. मार्गारेट चेस स्मिथ. मेन राज्यातल्या स्कोहीगन गावच्या, न्हाव्याची मुलगी. कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. तरुणपणी गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर काम केलेलं. मला तर नेहमी वाटतं, लोकांत वावरायचं असेल त्यानं आधी काही दिवस असं ऐकण्याचं काम करावं. आपल्याकडे बोलायचे वर्ग गल्लोगल्ली आहेत, ऐकायला कुणी शिकवत नाही. असो.

स्मिथबाई रिपब्लिकन, आणि मॅकार्थीही रिपब्लिकन. हे लक्षात ठेवा, दोघं एकाच पक्षाचे. बाईंना आधी वाटलं होतं, आपल्या पक्षाचा माणूस म्हणतोय तर काही तथ्य असेल. त्यांनी त्याच्याकडे कागद मागितले. पाहिले. त्यात आरोप सिद्ध होईल असं काही त्यांना दिसेना. मग त्या भाषण लिहायला बसल्या.

1 जून 1950. सिनेटरांच्या कचेऱ्यांपासून सभागृहापर्यंत जमिनीखालून एक छोटी गाडी धावते. त्या गाडीपाशी नेमके मॅकार्थीच भेटले. पुढचा संवाद बाईंनी स्वतः लिहून ठेवला आहे. मॅकार्थी म्हणाले, "मार्गारेट, आज फार गंभीर दिसतेस. भाषण करणार आहेस की काय?" बाई म्हणाल्या, "हो. आणि ते तुला आवडणार नाही." मग त्यानं आठवण करून दिली की पक्षाचे उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनात विस्कॉन्सिनची 27 मतं माझ्या मुठीत आहेत. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी बाईंचं नाव तेव्हा घेतलं जायचं, त्याला उद्देशून ही धमकी. बाईंनी एवढंच विचारलं, "कशासाठी?"

त्यांना भीती वाटत नव्हती असं नाही. भाषणाच्या प्रती सहायकाच्या हातात होत्या, पण बाईंनी बजावलं होतं, मी बोलायला उभी राहीपर्यंत एकही वाटू नका. ऐनवेळी धीर सुटला तर? पुन्हा सांगते, त्या घाबरल्या होत्या. तरी उभ्या राहिल्या. मॅकार्थी त्यांच्यामागे दोनच रांगा सोडून बसलेले.

पंधरा मिनिटं बोलल्या. मॅकार्थींचं नाव एकदाही घेतलं नाही. म्हणाल्या, टीका करण्याचा हक्क, लोकांना न रुचणारं मत बाळगण्याचा हक्क, निषेधाचा हक्क, स्वतंत्र विचाराचा हक्क. हे हक्क वापरले म्हणून कुणाची अब्रू जाऊ नये, कुणाची रोजीरोटी जाऊ नये. सरकार डेमोक्रॅट्सचं होतं, त्यांनाही खडसावलं. आणि स्वतःच्या पक्षाला सांगितलं: भीती, अज्ञान, द्वेष आणि बदनामी या, बायबलमधल्या संहारक स्वारांसारख्या, चार घोडेस्वारांच्या जोरावर माझा पक्ष जिंकलेला मला नको आहे. जिंकलेला नको आहे! निवडणुकीच्या वर्षात, आपल्याच पक्षाला उद्देशून.

भाषणासोबतच्या निवेदनावर बाईंबरोबर सह्या करणारे सिनेटर सहाच. मॅकार्थींनी टवाळी केली, हिमगौरी आणि सहा बुटके. त्याच महिन्यात कोरियात युद्ध पेटलं, भीती आणखी वाढली. पुढच्या वर्षी मॅकार्थींनी बाईंना चौकशीच्या उपसमितीतून काढलं आणि त्यांच्या जागी नव्यानं निवडून आलेले रिचर्ड निक्सन बसले. 1954 मध्ये बाईंच्याच पक्षातला उमेदवार त्यांच्याविरुद्ध उभा करवला. त्या मोठ्या फरकानं जिंकल्या. त्याच वर्षी 2 डिसेंबरला सिनेटनं 67 विरुद्ध 22 मतांनी मॅकार्थींचा निषेध केला. त्या 67 मतांत एक स्मिथबाईंचं. मधे साडेचार वर्षं गेली, आणि तेवढ्यात कितीतरी शिक्षकांच्या, कारकुनांच्या, कलावंतांच्या नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच.

आणि फूट परत आली. मे 1970 मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांत ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांच्या गोळ्यांनी चार विद्यार्थी मेले. 1 जून 1970 ला, बरोबर वीस वर्षांनी, बहात्तर वर्षांच्या स्मिथबाई पुन्हा सिनेटमध्ये उभ्या राहिल्या. युद्धाला त्यांचा पाठिंबा होता. तरी त्यांनी जाळपोळ करणाऱ्यांना सुनावलं, आणि लोकांना एकमेकांविरुद्ध भडकवणाऱ्या सत्ताधाऱ्यांनाही. राष्ट्राध्यक्ष आता तेच निक्सन. अराजक की दडपशाही, एवढंच निवडायचं राहिलं तर लोक दडपशाही निवडतील, हा इशारा त्यांनी त्या दिवशी दिला.

स्कोहीगनला केनेबेक नदीच्या काठी त्यांच्या नावाचं ग्रंथालय आहे, त्यांचे कागद तिथे जपले आहेत. 1950 चं ते भाषण मिळवून वाचा, आणि घरात मोठ्यानं वाचा. पंधराच मिनिटं लागतात. नमस्कार.