पोत्याची वाट आधी, भिंती नंतर
(लातूरमधील डाळमिलचालक आणि व्यापाऱ्यांसमोर एका स्ट्रक्चरल इंजिनिअरने दिलेले व्याख्यान, संपादित)

मंडळी, नमस्कार.

बांधकामाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "चौरस फुटाला काय दर पडेल?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा, असं माझं ठाम मत आहे. तुमचा धंदा कसा चालतो ते कागदावर आल्याशिवाय त्या दरात काय धरलंय आणि काय राहिलंय, हे कोणालाच सांगता येणार नाही.

आपल्या गावात याचा उत्तम दाखला उभा आहे. गंजगोलाई १९१७ सालची. मध्ये गोल इमारत, तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते, आणि रस्त्यागणिक वेगळा बाजार : कुठे गूळ, कुठे मिरची, कुठे सोनं. माल कुठून येणार, गिऱ्हाईक कुठून फिरणार, हे नुसत्या नकाशावरूनही वाचता येतं.

म्हणून नवी मिल टाकताना आधी पोत्याची वाट काढा. तूर ट्रकमधून आली, काट्यावर वजन झालं, गोदामात थप्पी लागली. तिथून चाळणी, मग टरफल खरवडणारे रोल, तेलाचा हात, ढीग करून मुरवणं, वाळवण, पुन्हा रोल. डाळ फुटली की ग्रेडिंग, पॉलिश, पॅकिंग. चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, आणि टरफल वेगळ्या दाराने बाहेर. हे सगळं एका मोठ्या कागदावर बाणांनी काढा. जिथे कच्चा माल आणि तयार डाळ एकमेकांना आडव्या जातात, तिथे तुमचा नकाशा चुकलाय.

हिशेब करून बघा. दार वीस फूट जवळ घेतलं, तर हजार पोत्यांमागे जाऊन-येऊन चाळीस हजार फूट, म्हणजे बारा किलोमीटर चाल वाचते. त्यातली निम्मी वाट पाठीवर ५० किलो घेऊन चालायची असते. तुमच्या हमालाला विचारा, दार कुठे हवं. तो जे सांगेल ते आर्किटेक्टच्या कागदावर जसंच्या तसं उतरलं पाहिजे. वाळवणाच्या ओट्याचंही तसंच. तो मागच्या उरलेल्या जागेत ढकलतात आणि मग दुपारी तीनलाच त्यावर शेडची सावली पडते.

आता जमीन. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, कारण तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट जातीचं चिकण खनिज पाणी धरतं. पाया कठीण मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. दुर्लक्ष होतं ते फरशीकडे. खांब खडकावर स्थिर उभे राहतात आणि मधली फरशी काळ्या मातीवर वरखाली होते. चार पावसाळ्यांत यंत्रांची लेव्हल जाते. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी यावर मोठं काम केलं : फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसवायचा. निदान एवढं करा की आतली काळी माती काढून भराव चांगल्या मुरमाचा घाला, आणि तो सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, रोलर फिरवून. एका दिवसात चार फूट भराव ओतणाऱ्याला थांबवा.

एलिव्हेटर, म्हणजे बादल्यांच्या पट्ट्याने धान्य वर चढवणारं यंत्र; त्याचा खड्डा ही माझ्या मते डाळमिलच्या बांधकामातली सगळ्यात दुर्लक्षित जागा. एका मिलमध्ये ऑगस्टमध्ये गेलो होतो. खड्ड्यात गुडघाभर पाणी, तळाला आंबलेली तूर, पट्ट्यावरच्या बादल्यांना गंज, आणि एक पोरगा डब्याने पाणी उपसतोय. शेड उभी राहिल्यावर यंत्रवाला आला, त्याने खड्डा मागितला, गवंड्याने विटांचा बांधून दिला. काळ्या मातीत पावसाळाभर पाणी साचून राहतं. विटांची भिंत ते अडवणार कशी? हा खड्डा पायाबरोबरच आरसीसीचा ओतायचा, तळ आणि भिंतींच्या सांध्यात वॉटरबार, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, घालून. त्यासाठी यंत्रांचे ड्रॉइंग पायाच्या आधी हातात हवेत. छताची उंचीही त्याच ड्रॉइंगवरून ठरते, शेजाऱ्याच्या शेडवरून नाही.

भिंतींबद्दल बोलताना किल्लारी विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत भूकंपाच्या जुन्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्या झोनमध्ये आला. शेडच्या टोकाच्या उंच विटांच्या भिंती नुसत्या खांबांना टेकवून बांधू नका. ठरावीक उंचीवर आरसीसीचे पट्टे घ्या आणि ते खांबांत गुंतवा. थप्पी भिंतीला टेकवू नका. नऊ इंची भिंत पोत्यांचा आडवा दाब घेण्यासाठी बांधलेली नसते. दोन-अडीच फूट वाट मोकळी ठेवा, म्हणजे कीड-उंदीरही दिसतात.

पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आपल्याला पाणी आलं, हे इथल्या प्रत्येकाला आठवतंय. मिश्र सिमेंटच्या (राख किंवा स्लॅग मिसळलेल्या) काँक्रीटला आपल्या उन्हात १४ दिवस ओलं ठेवायला हवं. मे महिन्यात टँकर लावून ते होत नाही, मग ठेकेदार तीन दिवसांत आटोपतो आणि ताकद कायमची कमी राहते. स्लॅब आणि फरशी पावसाळ्यानंतर, विहिरीला पाणी असताना घ्या. गोणपाट अंथरून भिजवलं तर पाणी बरंच कमी लागतं. आणि पत्र्याचं पाणी सोडू नका : हजार चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार लिटर. पन्हळ आणि टाकी पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

परवानग्यांचं थोडक्यात : एमआयडीसीत नकाशा एमआयडीसीच मंजूर करते, बाहेर असाल तर जमिनीच्या अकृषिक (शेतीखेरीज) वापराचा सध्याचा नियम आधी विचारून घ्या. महावितरणकडे वीजभाराचा अर्ज पायाच्या वेळीच द्या.

आता दर. ठेकेदाराला विचारताना भराव, खड्डे, फरशी, वाळवणाचा ओटा, पन्हळी, कंपाउंड यांचा प्रत्येकी वेगळा दर लिहून घ्या आणि मोजमाप तुमच्या माणसासमोर होऊ द्या. करारात शेवटची काही रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवण्याची अट घाला. खड्डा कोरडा राहिला, फरशी हलली नाही, की ती लगेच देऊन टाका.