रांजणाखालचा खळगा

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घराच्या पडवीत पाण्याचा एक जुना रांजण आहे. तो झिरपतो, म्हणून त्याच्याखाली नदीची वाळू पसरलेली असते आणि ती बारा महिने ओली राहते. चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा साऱ्या घरात गारव्याची तेवढी एकच जागा उरते, आणि ती जागा अकरा वर्षे आमच्या चांद्याच्या मालकीची होती. कपाळावर पांढरा चांद असलेला, अंगाने मातकट, जातीने अस्सल गावठी असा हा कुत्रा गेल्या चैत्रात गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे रांजण भरायला गेलो, तर वाळूत त्याच्या अंगाचा खळगा तसाच होता. पाठीकडे खोल, पायांकडे उथळ. हातातली कळशी खाली ठेवून मी पायरीवर बसून राहिलो.

मी व्यवसायाने पशुवैद्य आहे. लोक ज्याला सरळ गुरांचा दवाखाना म्हणतात, तशा दवाखान्यांतून माझी सारी नोकरी झाली. मेलेल्या किंवा मरू घातलेल्या कुत्र्याला टॉवेलमध्ये गुंडाळून आणणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आणि त्यांना ‘वय झाले होते हो, सुटला बिचारा’ असे सांगून पुढच्या म्हशीकडे वळलोही. ते शब्द खोटे नव्हते. पण तो रिकामा टॉवेल घेऊन माणूस घरी गेल्यावर तिथे काय घडते, हे मला निवृत्तीनंतर, स्वतःच्या पडवीत कळले.

आमच्या शेजारच्या आबांनी मला पायरीवर बसलेले पाहिले आणि ते अहिराणीत म्हणाले, ‘डॉक्टर, कुत्रं मरी गे, त्यामा इतलं काय रडानं? दुसरं लई या.’ आबा कठोर मनाचे नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांचा बैल गेला, तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते आणि अख्खी गल्ली त्यांच्या ओट्यावर येऊन बसली होती. बैलासाठी रडणाऱ्या शेतकऱ्याला खानदेशात कोणी हसत नाही. बैलाला पोळा आहे, पुरणपोळी आहे, शेताच्या बांधावर हक्काची जागा आहे. कुत्र्याच्या वाट्याला सणही नाही आणि सुतकही नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाला एक नाव दिले. मराठीत आपण त्याला ‘हक्क नाकारलेले दुःख’ म्हणू. ज्या नुकसानीला समाज नुकसान मानत नाही, जिच्यासाठी भेटायला कोणी येत नाही आणि कामावर सुट्टी मागता येत नाही, ती माणसाला एकट्याने गिळावी लागते, आणि वर ‘आपण इतके का कोसळलो’ ही लाजही सोसावी लागते. माझ्या मते या दुखण्यातली निम्मी वेदना त्या लाजेची असते.

कुत्र्यासाठी रडणे हे शहरी माणसांचे फॅड आहे, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की कुत्रा आपल्या घरात फार जुना आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये ओतीव धातूचा जो प्राचीन रथ सापडला, त्यावर बैलजोडी आणि रथ हाकणारा माणूस आहेच, पण रथाच्या दांडीवर एक छोटासा कुत्राही उभा आहे. सारंगखेड्याच्या यात्रेला जाणारे आपण दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे पाहतो आणि त्यांना चार वेद म्हणून हात जोडतो. महाभारताच्या शेवटी धर्मराजासोबत गेलेला कुत्रा सर्वांना ठाऊक असतो. पण त्याच ग्रंथात आरंभीच जनमेजयाच्या भावांनी एका निरपराध पिल्लाला मारहाण केल्याची कथा आहे, आणि त्या पिल्लाची आई, देवांची कुत्री सरमा, थेट यज्ञमंडपात येऊन राजाला जाब विचारते. श्राद्धाच्या दिवशी कावळ्याबरोबर आणि गाईबरोबर कुत्र्यासाठीही घास काढण्याची रीत आहे. आपल्या मृतांच्या जेवणात ज्याला वाटा दिला, त्याच्या मरणावर डोळे ओले झाले, तर त्यात जगावेगळे काय झाले?

एक गोष्ट मला पशुवैद्य म्हणून विशेष हलवून गेली. जर्मनीत बॉन शहराजवळ १९१४ मध्ये सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची एक कबर सापडली. तिच्यात एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यासोबत कुत्र्याचे जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू पुरलेले होते. अलीकडे त्याच्या दातांचा अभ्यास झाला, तेव्हा त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा साथीचा रोग झाला असावा आणि कोणी खाऊ-पिऊ घातल्याखेरीज ते आजारात इतके आठवडे तगलेच नसते, असा निष्कर्ष निघाला. डिस्टेंपरचे पिल्लू मी हाताळलेले आहे. त्याच्या नाका-डोळ्यांतून पाणी गळते, ते ओकते, घाण करते आणि राखणीच्या काही उपयोगाचे नसते. शिकार करून पोट भरणाऱ्या त्या माणसांनी तरीही त्याला सांभाळले आणि आपल्या माणसांशेजारी मातीत ठेवले.

मग हे दुःख सोसायचे कसे? दुःखाच्या पाच पायऱ्या असतात आणि त्या चढून गेले की माणूस मोकळा होतो, असे आपण पुष्कळदा ऐकतो. १९६९ मध्ये मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी त्या मांडल्या, त्या स्वतःच्या मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांना ऐकून. मागे राहिलेल्यांसाठीचे वेळापत्रक म्हणून नव्हे. त्याहून मला नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांचे १९९९ मधले म्हणणे पटले. दुःखातला माणूस झोका घेत असतो, असे ते सांगतात. घटकाभर तो गेलेल्याकडे जातो, घटकाभर रोजच्या कामाकडे येतो, आणि हे दोन्ही आवश्यक असते. सकाळी रडलेल्या माणसाने दुपारी केळीच्या बागेत पाणी सोडले म्हणून त्याचे रडणे खोटे ठरत नाही.

कुत्र्याच्या बाबतीत हा झोका फार लहान असतो, कारण कुत्रा आपल्या तासांमध्ये वसलेला असतो. पहाटे साडेपाचला दाराशी नखांचा आवाज, भाकरीच्या वेळी उंबऱ्याबाहेर बसून ताटाकडे लावलेली नजर, गाडी कोपऱ्यावर वळण्याआधीच तिची लागलेली चाहूल, रात्री कडी लावताना पायात येणारे शेपूट. नातेवाईक गेला तर त्याची आठवण प्रसंगाने येते. कुत्र्याची मात्र त्याच्या ठरल्या वेळी येते, दिवसातून सात-आठ वेळा, न चुकता. कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते, असे जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले. आई आणि तान्हे बाळ यांच्यातली ओढ घट्ट करणारे हेच संप्रेरक. ती देवघेव एका दिवसात बंद पडते. म्हणून माझा सल्ला असा, की सगळे दुःख एकदम आवरू पाहू नये, त्या एकेका वेळेची सोय पाहावी. पहाटेचा फेरा मी सोडला नाही. पहिले काही दिवस हातात साखळी नसल्याने हाताचे काय करावे हेच कळेना, म्हणून काठी घेतली. वाटेत लोकांनी ‘आज एकटेच?’ असे विचारले आणि मी ‘चांद्या गेला’ असे स्पष्ट सांगितले. निम्म्या लोकांनी थांबून स्वतःच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. मी गप्प राहिलो असतो, तर ती माझ्यापर्यंत आलीच नसती.

आता अपराधीपणाबद्दल बोलतो, कारण रात्री झोप उडवतो तो हाच. फाटक उघडे राहिले आणि महामार्गावर ट्रक आला. कपाशीवर फवारणी झाली होती आणि त्याला बांधून ठेवायचे राहून गेले. दवाखान्यात न्यायला दोन दिवस उशीर झाला. माझे सांगतो. चांद्या फाल्गुनापासून पाणी जास्त पिऊ लागला होता. ऊन वाढते आहे, असे मी म्हणालो. मूत्रपिंड निकामी होत असल्याची ही पहिली खूण, आणि ती मी इतरांच्या कुत्र्यांमध्ये अनेकदा ओळखलेली. पण ज्याच्या घरात रांजण भरलेला आहे आणि अंगणात ऊन रणरणते आहे, त्याला पाणी पिणाऱ्या कुत्र्यात आजार दिसला नाही. मूत्रपिंडाची सुमारे तीन-चतुर्थांश ताकद संपेपर्यंत रक्ताच्या नेहमीच्या तपासणीतही दोष उमटत नाही, हे मला माहीत होते. तरीही मी स्वतःला महिनाभर कोसले. शेवटी एका तरुण सहकाऱ्याला सगळे रिपोर्ट दाखवून, मालक म्हणून, सरळ विचारले की लवकर आणले असते तर काय झाले असते. त्याने शांतपणे उत्तर दिले, की काही आठवडे मिळाले असते, बरा झाला नसता. हे विचारायला लाजू नका. मनात शंभर वेळा खटला चालवण्यापेक्षा डॉक्टरांना एकदा विचारलेले बरे, आणि चूक झालीच असेल, तर तिचा खरा आकार तरी समजतो.

ज्यांनी वेदना असह्य झाल्यावर शेवटचे इंजेक्शन देण्याचा निर्णय घेतला, त्यांनाही मी जाणतो. ते भुलीच्या औषधाची मोठी मात्रा असते. आधी जनावर गाढ झोपते, मग श्वास थांबतो आणि हृदय थांबते. चांद्याला ते मीच दिले, आणि त्याचे डोके पत्नीच्या मांडीवर होते. जवळ थांबता आले तर थांबावे. थांबता आले नाही म्हणून माया कमी होती असेही मानू नये. अशा कुत्र्याला पुरताना खड्डा चांगला खोल, चार फुटांचा तरी घ्यावा आणि विहिरीपासून लांब घ्यावा, कारण कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरून ते मांस खाल्ले तर औषध त्यांनाही मारते.

मुलांशी खोटे बोलू नये. ‘झोपला’ म्हटले तर मूल झोपायला घाबरते आणि ‘गावाला गेला’ म्हटले तर रोज फाटकाशी जाऊन उभे राहते. ‘मेला, आता परत येणार नाही’ असे सांगावे आणि ते विचारतील त्याचे उत्तर द्यावे. आमच्या सहा वर्षांच्या नातवाने बांधावर उभे राहून विचारले, ‘खाली रांजणासारखे गार असते का?’ असते, असे मी सांगितले. काळी माती हातभर खाली खरोखर गार असते.

दुसरे पिल्लू आणावे की नाही, हे घराने आपापले ठरवावे. मात्र आबांसारखी घाई करू नये. पहिल्याची जागा भरायला आणलेल्या पिल्लावर, ते पहिल्यासारखे वागत नाही म्हणून, अन्याय होतो. आणि ज्यांची मुले पुण्याला किंवा सुरतेला आहेत, ज्यांच्या घरात दिवसभर बोलणे व्हायचे ते फक्त त्या कुत्र्याशी, अशा वृद्धांकडे शेजाऱ्यांनी संध्याकाळी आठवणीने जावे. आठवडे उलटूनही अन्न जात नसेल, झोप येत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर टेली-मानस या मोफत सरकारी सेवेला १४४१६ या क्रमांकावर केव्हाही फोन करावा. कारण काय, हे सांगताना ‘कुत्रा गेला’ असे म्हणायला संकोच करू नये.

आमच्या घरी भाकऱ्या झाल्या की परातीत उरलेल्या पिठाची एक छोटी चानकी व्हायची, ती चांद्याची. तो गेल्यावरही पत्नी ती करत राहिली. मीही काही बोललो नाही, आणि ती चानकी गल्लीतली कुत्री खात. मग अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. लेकी माहेरी आल्या, पितरांची घागर भरली, तिच्यावर खरबूज ठेवले, सांजोऱ्या झाल्या, आमरस झाला, झाडाला झोका बांधला. रात्री सारे निजल्यावर पत्नी उठून बसली आणि म्हणाली, ‘आज चानकी करायची राहिली. मला आठवणसुद्धा झाली नाही.’ आणि तो गेला त्या दिवशी रडली नव्हती इतकी ती रडली. मी तिला पाणी आणायला पडवीत गेलो. दिवसभर पोरांनी रांजणातून पाणी घेताना इतके सांडले होते, की वाळू सगळीकडून सारखी झाली होती.

नमस्कार.