372 कोटींचं धरण

[ड्रोन. वैनगंगेचं पात्र, धरणाची भिंत, उघडे दरवाजे]

ही वैनगंगा, आणि हे गोसीखुर्द. भंडारा जिल्ह्यातला पवनी तालुका. दरवाजे मोजलेत तर 33 भरतील. पावसाळ्यात ते उघडले की विदर्भातल्या वर्तमानपत्रांत हाच फोटो येतो. आम्हालाही तो मोह आवरला नाही. मातीची भिंत मात्र एका चौकटीत मावत नाही. अकरा किलोमीटरांहून लांब आहे ती.

पुढच्या काही मिनिटांत पाण्यापेक्षा कागद जास्त दिसेल. धरण आधी कागदावर बांधतात, आणि त्या कागदावर या धरणाची किंमत होती 372 कोटी 22 लाख रुपये.

[पडद्यावर तक्ता, एकेक ओळ उमटते]

साल 1983. 372 कोटी 22 लाख. पाच वर्षांनी, एप्रिल 1988 मध्ये, पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन.

त्यानंतरची सुधारित मान्यता: 2,091 कोटी 13 लाख.

त्यानंतरची: 5,659 कोटी.

मग 7,777 कोटी 85 लाख. 2009 साली केंद्राने हा राष्ट्रीय प्रकल्प ठरवला.

2016 ची मान्यता: 18,494 कोटी 57 लाख.

मूळ आकड्याच्या जवळपास पन्नासपट. खात्यात या प्रत्येक ओळीला ‘सुप्रमा’ म्हणतात, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. तक्त्यात आपण इथेच थांबू.

[कॅल्क्युलेटर, वहीचं पान, लिहिणारे हात]

हे हात एका निवृत्त अभियंत्याचे आहेत. पाटबंधारे खात्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं अंदाजपत्रकं केली. चेहरा दाखवायचा नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली. पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं: महागाई. त्यांनी ते खोडून काढलं नाही, गणित मांडून दाखवलं. दरवर्षी 8 टक्के दरवाढ धरा. 1983 ते 2016, तेहतीस वर्षं. 372 कोटींचे होतात साधारण 4,700 कोटी.

मग वरचे पावणेचौदा हजार कोटी कुठून आले?

[सुधारित मान्यतेच्या नमुन्यातला रकाने दाखवणारा कागद]

सुप्रमाच्या प्रस्तावात वाढीची कारणं ठरलेल्या रकान्यांत भरायची असतात. दरसूचीतला बदल. भूसंपादन. संकल्पचित्रातला, म्हणजे बांधकामाच्या आराखड्यातला बदल. व्याप्तीतला बदल. अपुरी तरतूद. इतर कारणं. पहिला रकाना महागाईचा, त्याला कुणाचा इलाज नाही. पण ‘संकल्पचित्रात बदल’ आणि ‘अपुरी तरतूद’ हे दोन रकाने पाहा. साध्या मराठीत त्यांचा अर्थ एवढाच की अंदाज बांधताना जमिनीखाली काय आहे, वाटेत काय काय आडवं येणार आहे, हे पुरतं पाहिलेलं नव्हतं.

आता जरा सावकाश जाऊ. अंदाजपत्रक कसं होतं, हे बांधकामाशी संबंध नसलेल्या माणसाला कुणी कधी सांगत नाही.

[कालव्याची खोल कटाई. कडेच्या थरांवरून कॅमेरा खाली उतरतो]

कालव्याच्या या कटाईत वर काळी माती दिसते. तिच्याखाली मऊ मुरूम, मग कठीण मुरूम, मग मऊ खडक आणि तळाला कठीण खडक. शासनाच्या दरसूचीत खोदाईचे दर याच क्रमाने चढत जातात. माती फावड्याने निघते, मुरूम यंत्राने निघतो. कठीण खडकाला सुरुंग लागतो, आणि जवळ वस्ती असेल तर सुरुंगही चालत नाही. ब्रेकर लावून तास न् तास फोडत बसावं लागतं. दर आणखी वर.

[वहीत आकडेमोड, जवळून]

समजा एका किलोमीटरमध्ये एक लाख घनमीटर खोदाई आहे. हिशेब सोपा जावा म्हणून मुरमाचा दर घनमीटरला 100 रुपये धरू आणि खडकाचा 400. अंदाजपत्रकात लिहिलं, मुरूम 80 टक्के, खडक 20 टक्के. खर्च 1 कोटी 60 लाख. खणायला गेल्यावर निघाला निम्मा मुरूम, निम्मा खडक. खर्च अडीच कोटी. लांबी तीच, रुंदी तीच, खोली तीच. 90 लाख वाढले, आणि कुणी एक रुपयाही खाल्लेला नाही.

हे 80-20 येतं कुठून? चाचणी खड्ड्यांवरून आणि बोअरवरून. ठरावीक अंतरावर खड्डे घ्यायचे, थर मोजायचे, उभा छेद काढायचा. खड्डे पुरेसे घेतले तर प्रमाण खऱ्याच्या जवळ जातं. घेतले नाहीत तर शेजारच्या कामाचं प्रमाण उचलून इथे चिकटवलं जातं.

[लाकडी पेट्यांत रांगेने लावलेले खडकाचे दंडगोल]

धरणाच्या पायासाठी खोलवर छिद्रं घेऊन खडकाचा असा गाभा काढतात. पेटीवर छिद्राचा क्रमांक आणि खोली लिहिलेली असते. गाभा अखंड निघाला तर खडक चांगला. तुकडे तुकडे निघाला तर भेगा आहेत, म्हणजे ग्राउटिंग, भेगा दाबाने भरून काढणं आलं, म्हणजे सिमेंट आलं, म्हणजे पैसा आला. या पेटीत पुढच्या दहा वर्षांचा खर्च पडून असतो. ती उघडून पाहण्याआधी आकडा जाहीर होणार असेल, तर त्या आकड्याला अंदाज कशाला म्हणायचं?

[खाण, भरलेले डंपर, धूळ]

मग येतं लीड, म्हणजे खडी, वाळू, मुरूम किती लांबून आणायचा ते अंतर. अंदाजपत्रकाला लीडचा नकाशा जोडलेला असतो, त्यावर प्रत्येक खाण आणि वाळूचा प्रत्येक घाट दाखवलेला. पाच किलोमीटरवरची खाण बंद झाली आणि पुढची वीस किलोमीटरवर निघाली, तर काँक्रीटची प्रत्येक बाब महागते. खात्यातली जुनी माणसं अंदाजपत्रक हातात आलं की आधी लीडचा नकाशा पाहतात, रक्कम नंतर. कुठली खाण दाखवली आहे यावरून लिहिणारा जागेवर जाऊन आला की टेबलावरच बसला, ते त्यांना कळतं.

[भेगाळलेली काळी जमीन, कालव्याचं अस्तर]

आणि ही काळी माती. कापसाला सोनं, कालव्याला शत्रू. पाणी लागलं की फुगते, वाळली की आक्रसते. तिच्यावर थेट काँक्रीटचं अस्तर टाकलं तर ते तडकणारच. म्हणून अस्तराखाली न फुगणाऱ्या मातीचा थर द्यावा लागतो. अभियंते त्याला ‘सीएनएस’ म्हणतात. तो थर किती जाडीचा, त्याची माती कुठून आणायची आणि तिचं लीड किती, असे तीन प्रश्न. कालवा किती लांब काळ्या जमिनीतून जातो हे आधी मोजलेलं असेल, तर तिन्ही उत्तरं अंदाजपत्रकात मिळतात. नसेल, तर काम सुरू झाल्यावर ‘जादा बाब’ म्हणून येतात. जादा बाबीला निविदेतली स्पर्धा नसते. तिचा दर समोरासमोर बसून ठरतो.

गोसीखुर्दच्या डाव्या कालव्याचं अस्तरीकरण निकृष्ट ठरलं, चौकश्या झाल्या, गुन्हेही नोंदले गेले. डॉ. माधवराव चितळे यांच्या विशेष चौकशी पथकाने राज्यातल्या सिंचन प्रकल्पांवर 2014 मध्ये अहवाल दिला. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे, बोलून झालं आहे. आम्ही त्या वाटेने गेलो नाही. चोर पकडला म्हणून चुकीचं अंदाजपत्रक बरोबर होत नाही.

[मोजमाप पुस्तक. पिवळी पानं, छापील पृष्ठक्रमांक, शाईतल्या सह्या]

ही मोजमाप पुस्तकं पाहा. पानांना छापील क्रमांक. पान फाडायचं नाही, खाडाखोड झाली तर सही करायची. झालेलं काम मोजण्याची एवढी काटेकोर शिस्त आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून आहे. खर्च झालेल्या प्रत्येक घनमीटरची नोंद सापडते. खर्च होण्याआधीच्या घनमीटरला मात्र अशी वही नाही. कुठल्या खड्ड्यावरून कुठलं प्रमाण धरलं, कुणी धरलं, हे शोधायला गेलं तर हाती लागते फक्त शेवटची बेरीज.

यात अभियंत्याला एकट्याला दोष देऊ नये, असं आमचं मत आहे. अन्वेषणाला, म्हणजे खड्डे आणि बोअर घेऊन जागा तपासायला, वेळ मागितला की प्रकल्प मागे पडतो. आकडा मोठा दाखवला की लाभ-व्ययाचं गुणोत्तर, म्हणजे खर्चाच्या मानाने फायदा किती, ते बसत नाही आणि फाईल परत येते. छोटा आकडा मंजूर होतो. एकदा भूमिपूजन झालं की धरण अर्धवट सोडता येत नाही, आणि पुढच्या सुप्रमाला नाही म्हणायची कुणाची छाती नसते.

[बार चार्टचं ग्राफिक. एक पट्टी लाल]

आता वेळ. प्रकल्पाच्या वेळापत्रकात एक क्रिटिकल पाथ असतो, म्हणजे कामांची अशी साखळी की तिच्यातलं एक काम लांबलं तर अख्खा प्रकल्प लांबतो. धरणाचा हा पाथ काँक्रीटमधून जातो असं आपल्याला वाटतं. गोसीखुर्दचा गेला गावांमधून. दरवाजे बसले तरी पाणी अडवता येईना, कारण बुडणाऱ्या गावांतली माणसं हलली नव्हती. पूर्ण बाधित गावं 85. त्यांच्यासाठी 1,199 कोटी 60 लाखांचं विशेष पॅकेज 2013 साली आलं. भूमिपूजनानंतर पंचवीस वर्षांनी.

[रिकामी घरं, उभ्या भिंती, पाण्यातली झाडं. निवेदन नाही]

[कोरडा कालवा, अचानक संपतो. पुढे शेत]

हा उजवा कालवा. एकूण लांबी सुमारे 99 किलोमीटर, तो थेट चंद्रपूर जिल्ह्यातल्या असोलामेंढा तलावाला जाऊन मिळतो. अशा लांब कालव्याचं काम तुकड्यातुकड्यांनी निविदा काढून देतात, अमुक साखळीपासून तमुक साखळीपर्यंत. साखळी म्हणजे इथे कालव्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर. प्रत्येक तुकड्याचा कंत्राटदार वेगळा, मुदत वेगळी. कागदावर ‘95 टक्के पूर्ण’ दिसतं. पण मधले दोनशे मीटर भूसंपादनात अडकले, रेल्वे किंवा वनजमीन आडवी आली, तर त्या दोनशे मीटरच्या पुढे एक थेंबही जात नाही. रोजच्या भाषेत त्याला ‘गॅप’ म्हणतात. पंचाण्णव टक्क्यांचं पाणी उरलेल्या पाच टक्क्यांशी अडतं.

तोवर घड्याळ चालूच असतं. कंत्राटात भाववाढीचं कलम आहे, कार्यालयांचा खर्च आहे, झालेल्या कामाची झीज आहे. 2014 पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला आणि जमिनीचे दर कितीतरी पटींनी चढले. शेतकऱ्याला ते मिळायलाच हवे होते. पण ही जमीन आधीच ताब्यात घेतली असती तर तो रकाना एवढा फुगला नसता. वर, राज्यात एकाच वेळी शेकडो प्रकल्प उघडून ठेवलेले. दरवर्षीचा निधी सगळ्यांना थोडा थोडा. कुणाचंच काम थांबत नाही आणि कुणाचंच संपत नाही.

नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टर भिजवायचं उद्दिष्ट आहे. शेवटच्या टोकाचा शेतकरी अजून वाट पाहतो आहे.

[चर खणणारं यंत्र, कडेला रचलेले पाइप]

वितरणाची पुढची कामं आता उघड्या चाऱ्यांऐवजी बंद नळीतून करायचं धोरण आहे. नळी जमिनीखालून जाते, वर शेत पुन्हा पेरता येतं. भूसंपादनाचा रकाना लहान होतो, नळीचा मोठा होतो. बाष्पीभवन आणि गळती वाचते. निर्णय आम्हाला पटतो. पण नळीसाठीही चर खणावाच लागतो, आणि चराखाली मुरूम आहे की खडक हा प्रश्न 1983 सारखाच उभा राहतो. तुमच्या गावावरून ही नळी जाणार असेल, तर माहिती अधिकारात अंदाजपत्रकाची प्रत मागा. एकूण रकमेचं पान सोडून द्या. चाचणी खड्ड्यांचा तक्ता जोडला आहे का ते पाहा, आणि असेल तर त्यातला तुमच्या शिवारातला खड्डा कुठे घेतला होता ते विचारा.

[श्रेयनामावली]